सात नंबर नेणारे भिकाजी आयरे

सायकली भाड्यानं देण्याच्या धंद्यात सायकल ही सगळ्यांत सोपी गोष्ट. चाकात हवा आहे का, ब्रेक लागतो का, चेन उतरत नाही ना, एवढं पाहिलं की झालं. अवघड असतो तो माणूस. ओळख ना पाळख, तो येतो, तासाचं भाडं विचारतो, आणि आपण मालकाची वस्तू त्याच्या हातात देऊन त्याच्या पाठीकडे बघत उभं राहायचं. तो परत येईल याची हमी काय? आमचे मालक नत्थूजी यांच्या मते हमी एकच होती. लिहून घेणं.

नागपुरात सीताबर्डीच्या मोठ्या रस्त्याला लागून धंतोलीकडे वळणाऱ्या गल्लीत आमचं दुकान होतं. मी सांगतोय ती सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. दुकानाबाहेर सायकली ओळीनं उभ्या, मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर, आत पंक्चरची पाण्याची घमेली, भिंतीला टांगलेल्या ट्यूबा आणि दारातल्या टेबलावर रजिस्टर. गिऱ्हाइकाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, पत्ता, ओळख कोणाची, सायकलचा नंबर, आणि शेवटचा रकाना ‘कुठं जाणार’. हा शेवटचा रकाना मागाहून वाढवलेला. एकदा एक सायकल गेली ती गेलीच, पुढं कामठीला कोणाच्या तरी अंगणात सापडली. तेव्हापासून नत्थूजींनी ठरवलं की माणूस कुठं जातो हे आधीच विचारायचं. कामठीला सायकल नेणाऱ्यानं नाव, पत्ता, घर नंबर, गल्लीतल्या मारुतीच्या देवळाची खूणसुद्धा लिहून दिली होती. इतका परिपूर्ण पत्ता आमच्या रजिस्टरात दुसरा नव्हता. पण त्यावरून नत्थूजींनी काढलेला धडा असा, की आपण विचारलं ते कमी पडलं.

माझं काम लिहिण्याचं. मी कोकणातला, संगमेश्वराकडचा. सहावीत शाळा सुटली. मामा रेल्वेत होते, त्यांच्यामागोमाग अजनीला आलो, आणि त्यांची बदली बिलासपूरला झाली तेव्हा मी इथंच उरलो. नत्थूजींनी ठेवून घेतलं, दुकानातच झोपायला जागा दिली. पुढं मला कावीळ झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं मला घरी नेऊन पोटच्या पोरासारखं केलं. मी अजूनही त्यांच्या घरावरून जाताना आवाज खाली आणतो. सांगायचा मुद्दा हा, की त्या दुकानाबाहेर मला या शहरात घर नव्हतं, आणि माझा स्वभाव मुळात भित्रा. मालकांनी सांगितलं लिही, की मी लिहायचो.

नत्थूजी तसे साधे. पण दिवेलागणीला दुकानासमोरच्या बाकावर मंडळी जमायची आणि नत्थूजी रजिस्टर मांडीवर घेऊन दिवसभराच्या नोंदी मोठ्यानं वाचायचे. लोक पोथी ऐकतात तशी मंडळी ऐकायची. एक शिंपी, एक पानवाला आणि धंतोलीतले निवृत्त हेडक्लार्क पांडुरंगजी हे कायमचे. पांडुरंगजींना धंतोलीतली दोन पिढ्यांची सोयरीक पाठ. नत्थूजी वाचत, “वानखडे मास्तरचा पोरगा. कुठं जाणार, तेलंखेडीची बाग.” की पांडुरंगजी मान हलवत म्हणत, “तेलंखेडीले काहून गेला असन गा? कॉलेज तं इकडं आहे.” बास. त्या एका ‘काहून’वर अर्धा तास जाई. पोरगा सायकल परत करून घरी पोचायच्या आत मास्तरांना सगळं कळलेलं असे, आणि बरंचसं न घडलेलंही कळलेलं असे.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मंडळींना माणसांची आवड होती. पण गिऱ्हाइकांना घाम फुटायचा. इतवारीतल्या एका शाकाहारी दुकानदाराचा मुलगा दर गुरुवारी सदरला जाऊन आम्लेट खायचा. त्याला ‘कुठं जाणार’ विचारलं की तो माझ्याकडे असा पाहायचा, जसा काही मी त्याच्या तोंडाचा वास घेतोय. सेक्रेटरिएटमधले एक मोठे साहेब पन्नाशीला टेकल्यावर पहाटे कस्तुरचंद पार्कवर सायकल शिकत होते. ते ‘कुठं’च्या रकान्यात ‘सरकारी काम’ लिहायला लावत आणि गुडघा फोडून परत येत. चिंचोळ्या मिशीचा एक कंपाउंडर नाव विचारताच परत फिरला आणि पायी चालता झाला. मला त्याची कीव आली. सायकल मागितली तर माणसाला जन्मपत्रिका मागणारं हे दुकान.

आज फोनवर उद्या पाऊस येणार का एवढं बघायचं तरी तो आधी माझं नाव, नंबर, जन्मतारीख विचारतो. माझी नात वैतागते. मला नवल वाटत नाही. बाक मोठा झाला, एवढंच.

तर अशात एका दुपारी एक बाई आल्या. तिशीच्या आतल्या, पाचवारीचा पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी. आमच्याकडे बिनदांडीची लेडीज सायकल एकच होती, सात नंबर. ती त्यांनी आधीच नजरेनं हेरलेली. मी पेन उचललं तसं त्या म्हणाल्या, “भाऊ, नाव लिहू नका.”

मी म्हटलं, वहिनी, न लिहिता सायकल बाहेर गेली तर माझी नोकरी जाईल. संध्याकाळी नत्थूजी सायकली आणि ओळी ताडून बघतात.

“आणि लिहिलं तर संध्याकाळी माझे सासरे ऐकतील,” त्या म्हणाल्या. “बाकावर पांढरी टोपी घालून बसतात ते.”

पांडुरंगजींची सून. सुमनवहिनी. त्यांनी मग उभ्या उभ्या सांगितलं ते असं. मॅट्रिकच्या आधी लग्न झालं. आर्वीला माहेरी होत्या तेव्हा वर्गात पहिल्या यायच्या. नवरा रेल्वेत, आठवड्यातून चार दिवस गाडीवर. सासऱ्यांना परीक्षेचं विचारलं तर ते हसून म्हणाले होते, “आता काय गरज आहे वं? कोनाले दाखवाचं आहे?” म्हणून सदरला एका बाईंच्या क्लासात नाव घातलं होतं, मॅट्रिकला बाहेरून बसण्यासाठी. सासरे जेवून झोपत ते चार वाजता उठत. तेवढ्यात सदरला जाऊन यायचं तर पायी जमत नाही, बस वेळेवर येत नाही, आणि रिक्षावाला तर बाकावरच्या पानवाल्याचा मेहुणा.

मी सहावीत शाळा सोडली त्या दिवशी आमचे भिकाजी गुरुजी आमच्या घरी आले होते. पडवीत बसून त्यांनी आईला परोपरीनं सांगितलं, पोराला काढू नका. आई रडली, पण इलाज नव्हता. गुरुजी उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून काही न बोलता गेले. ती पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी रजिस्टरात लिहिलं: भिकाजी सखाराम आयरे, धंतोली. ओळख: दुकानाची. सायकल नंबर सात. कुठं जाणार: दवाखाना. दवाखाना म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत, असा माझा समज. मी तेव्हा नागपूरला नवा होतो.

त्या संध्याकाळी नत्थूजींनी ओळ वाचली आणि सारा बाक पुढं सरकला.

“आयरे?” शिंपी म्हणाला. “असं आडनाव राह्यते का?”

“धंतोलीत नवा भाडेकरू असन,” पांडुरंगजी म्हणाले आणि त्यांनी दुसरीच गोष्ट पकडली. “सात नंबर तं बायकांची सायकल होय.” मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधू लागलो. मग तेच म्हणाले, “धोतर नेसत असन. धोतरवाल्याले दांडीची सायकल जमत नाही.” सगळ्यांना पटलं. भिकाजी आयरे धोतर नेसू लागले ते त्या क्षणापासून.

रोज दुपारी सात नंबर जाई आणि चारच्या आत परत येई. संध्याकाळी नत्थूजी वाचत, बाक हळहळे. रोज दवाखाना म्हणजे बायको आजारी. मूलबाळ नसावं, नाहीतर ते गेलं असतं. दुपारी जातो म्हणजे सकाळची नोकरी. पंधरवड्यात भिकाजींचा पगार, बायकोचं दुखणं आणि वरणात किती तिखट चालतं इथपर्यंत मंडळींनी ठरवून टाकलं. अख्ख्या बर्डीवर ज्याची एकही गोष्ट झाकलेली राहिली नव्हती, असा तो एकच माणूस. आणि तोच नव्हता.

पुढची गंमत अशी, की हे आम्लेटवाल्याला कळलं. सुमनवहिनींच्या मागं तो रांगेत उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा तो पुढं वाकून हळूच म्हणाला, “माझंही तेच नाव लिही ना गा.” मी लिहिलं. त्यानं कॉलेजातल्या दोघांना सांगितलं, ते दुपारी टॉकीजला जाणारे. पहाटेच्या साहेबांनाही मीच सुचवलं, आणि ते इतके सुखावले की त्या दिवशी पडले नाहीत. परत फिरलेला कंपाउंडरही कुठून तरी कळून आला आणि छाती काढून म्हणाला, “भिकाजी आयरे.” एकेका दुपारी तीन तीन भिकाजी तीन दिशांना गेलेले असत. सायकल एकही बुडली नाही. मी चेहरे लक्षात ठेवत होतो, आणि ज्याला नाव लपवायला मिळालं तो उपकाराच्या ओझ्यानं वेळेआधी सायकल आणून लावायचा.

नत्थूजींना शंका आली नाही असं नाही. एकदा म्हणाले, “कोकण्या, हा आयरे एकाच वेळी दवाखान्यात न् टॉकीजमध्ये कसा?” मी म्हटलं, एकत्र कुटुंब आहे, सगळे एकाच नावावर नेतात. हे त्यांना पटलं, कारण त्यांच्या घरी रेशनकार्डाचं तसंच होतं. पण पान उलटता उलटता ते म्हणाले, “वहीत खोटं नाव सापडलं तं लिहिनाऱ्याले मी ठेवत नाही. एवढं ध्यानात ठेव.” त्या रात्री मला झोप लागली नाही. संगमेश्वरला परत जायचं म्हणजे कोणाकडे जायचं, एवढाच विचार.

बाकाला मात्र टॉकीजची नोंद लागली. पानवाल्याला संताप आला, बायको दवाखान्यात आणि हा सिनेमे बघतो. पांडुरंगजींनी भिकाजींची बाजू घेतली. म्हणाले, माणसाचं मन जड झालं की तो कुठं तरी जाऊन बसतो, तुम्हाले काय कळते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते संत्री घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. आयरे बाईंना बघायला.

तिथं आयरे बाई असणार कुठून? त्यांनी तीन वॉर्ड फिरून बघितले, नर्सेसना हैराण केलं, शेवटी एका परक्या म्हाताऱ्याच्या उशाशी संत्री ठेवून परत आले. दुकानात येऊन मला विचारलं. मी चाचरत म्हटलं, घरी नेलं वाटतं. ते म्हणाले, “घर कुठं? धंतोलीत मले माहीत नाही असं घर नाही.” मी पंप उचलला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ठीक आहे. तो दुपारी येते ना? मी दुपारी येऊन बसतो. भेटतोच त्याले.”

परीक्षा दुसऱ्याच दिवशी सुरू होणार होती.

नशिबाची थट्टा बघा. वहिनींना इतके महिने घरातून निघता यावं म्हणून ज्या झोपेचा आधार होता, ती झोप सोडून सासरे घराबाहेर पडणार होते. घर मोकळं. पण सायकल जिथं, तिथं सासरे. आणि पेपरला पाच मिनिटं उशीर झाला तर आत घेणार नाहीत असं क्लासच्या बाईंनी बजावलेलं. वहिनींना निरोप द्यायला माझ्याजवळ काही साधन नव्हतं. सासरे जेवून ‘भिकाजीले भेटून येतो’ म्हणून निघाले, तेव्हाच त्यांना घरात कळलं.

पांडुरंगजी टोपी सारखी करून बाकावर बसले. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. मी पंक्चर काढायचं निमित्त करून सारखा गल्लीच्या तोंडाकडे बघत होतो. ते मला भिकाजींबद्दल एकेक विचारत होते, उंची किती, टोपी घालतो का, बोलतो कसा. मी भिकाजी गुरुजींचं वर्णन करत सुटलो. ते तेवढंच खरं होतं. ‘बोलत फार नाहीत, पण दुसऱ्याच्या मुलासाठी जीव टाकतात’ असं म्हणेपर्यंत पांडुरंगजींची मान एका बाजूला कलली. आयुष्यभराची सवय. जेवण झालं, दुपार झाली, की त्या माणसाला झोप येणार म्हणजे येणार, मग पलंग असो की बाक.

गल्लीच्या तोंडाशी वहिनी उभ्या होत्या. पुढं यायची छाती होत नव्हती. मी सात नंबर स्टँडवरून काढली. आता सायकल ढकलत नेली की मागच्या चाकाचं फ्रीव्हील टिकटिक करतं. त्या दुपारच्या शांततेत ती टिकटिक मला लग्नातल्या ताशासारखी वाटली. मी सायकल दोन्ही हातांनी उचलली आणि बाकासमोरून, पांडुरंगजींच्या गुडघ्याला चाक लागणार नाही अशा बेतानं, पाळण्यातलं पोर न्यावं तशी नेली. कोपऱ्यावर जाऊन खाली ठेवली. वहिनींनी पिशवी हँडलला अडकवली. “परीक्षेला जाते, भाऊ,” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

परत येऊन मी ओळ लिहिली. भिकाजी सखाराम आयरे, सात नंबर, आणि कानात होतं तेच शेवटच्या रकान्यात उतरलं: परीक्षा. लिहून झाल्यावर मला कळलं काय केलं ते. खाडाखोड करायची नाही, हा नत्थूजींचा पहिला नियम.

पांडुरंगजी जागे झाले, ओशाळले, टोपी झटकली. “येऊन गेला का गा?”

“येऊन गेले,” मी म्हटलं.

त्यांनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं. बोट ओळीवरून सरकत शेवटी गेलं आणि थांबलं. मला वाटलं, संपलं. सायकल सात, वेळ दुपारची, परीक्षा. घरात सून. मोठा हेडक्लार्क माणूस, दोन अधिक दोन करायला किती वेळ?

“परीक्षा,” ते पुटपुटले. मग चष्मा काढून पुसला. “या वयात. बायको अंथरुनाले खिळलेली, न् हा मानूस परीक्षा देऊन राहिला.” उठताना मला म्हणाले, “त्याले सांगू नको मी आलो होतो म्हनून. पेपर संपेपर्यंत मी काही येत नाही. उगीच त्याचं ध्यान जाईन.”

आणि खरंच, परीक्षा संपेपर्यंत ते दुपारी फिरकले नाहीत. भिकाजींच्या अभ्यासात विघ्न नको म्हणून घरी जाऊन झोपले.

बाकी मला वहिनींनी नंतर सांगितलं. त्याच रात्री जेवताना सासऱ्यांनी घरात भिकाजींचं कीर्तन लावलं. माणसानं शिकावं, वयाचं काय, घरात एवढं दुखणं असून त्यानं हार मानली नाही. वहिनी वाढत होत्या. दुसऱ्या दिवशीचा भूमितीचा पेपर डोक्यात. त्यांनी भीत भीत विचारलं, “मामंजी, मग मी बसू का मॅट्रिकला?”

“बस ना वं,” ते म्हणाले. “कोन नाही म्हनते?”

निकाल तेव्हा वर्तमानपत्रात येई, नुसते नंबर, नावं नाहीत. त्या काळातली ही एक सभ्य गोष्ट. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या, सात नंबरची सीट हातानं पुसली आणि म्हणाल्या, “भिकाजी पास झाले, भाऊ.” मी मान खाली घातली. गुरुजी तोवर वारले होते. त्यांना कळवायला मिळालं असतं तर काय कळवलं असतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

पण आता पेच असा, की सासऱ्यांनी परवानगी दिली ती पुढच्या वर्षीच्या परीक्षेची. आधीच पास झाले म्हटलं तर वर्षभराची चोरी उघडी पडते, तिच्याबरोबर मीही. तेव्हा त्यांनी ठरवलं, अजून एक वर्ष अभ्यास करायचा. झालेल्या परीक्षेचा. भिकाजी आयऱ्यांची मी अमरावतीला बदली केली. बाक काही दिवस सुना वाटला. पांडुरंगजी हळहळले, जाताना भेटला असता तर बरं झालं असतं म्हणाले. आम्लेटवाला फार चिडला, पण त्यानं लवकरच दुसरं नाव शोधलं, त्यात मी पडलो नाही.

त्या वर्षी सुमनवहिनी रोज दुपारी उजळ माथ्यानं येत. मी त्यांचं खरं नाव, खरा पत्ता लिहीत असे. ओळख: पांडुरंगजी. कुठं जाणार: क्लास. संध्याकाळी नत्थूजी वाचत आणि पांडुरंगजी टोपी सारखी करत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतः बाकावर पेढे वाटले. मार्कशीटवरचं साल कोणी पाहिलं नाही. पेढा हातात असताना कोण पाहतं? वहिनी पुढं शाळेत शिक्षिका झाल्या, नत्थूजी गेले, दुकान मी चालवलं, मग लुना आल्या आणि तेही संपलं.

एक राहिलं. पास झालेली बाई वर्षभर रोज दुपारी सात नंबर घेऊन दोन तास कुठं जात होती? क्लासचं तर कारणच उरलं नव्हतं. अंबाझरी तलावाच्या पाळीवर जाऊन बसत असतील, वाचनालयात जात असतील, की नुसतीच सायकल चालवत असतील, वारा खात. मला माहीत नाही. त्या अजून कधी कधी बर्डीवर भेटतात, पांढऱ्या केसांच्या, हातात तशीच कापडी पिशवी. विचारावंसं ओठावर येतं. मी जन्मभर लोकांना ‘कुठं जाणार’ विचारून पोट भरलं, सवय जाता जात नाही.

विचारत नाही. तेव्हाही मी ‘क्लास’ लिहायचो, चाकातली हवा बघायचो आणि सायकल त्यांच्या हातात द्यायचो.